‘मोठा माणूस होता, एवढंच म्हण’

मी, श्रीमती सत्यशीला भीमराज मुनेश्वर, वय सहासष्ट, पूर्वी शिवणकाम करणारी, सध्या अंथरुणावर, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या शब्दाचे काय व्हावे ते या कागदावर माझ्याच हाताने लिहून ठेवते. मला कोणी दाबलेले नाही, फसवलेले नाही, औषधाची गुंगी नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते म्हणतात. माझे मात्र सगळे त्याच वाक्यावर अडले आहे. येशू हा देव आहे असे मी म्हणते, आणि माझे धाकटे दीर हंसराज यांनी नातेवाइकांत सांगून ठेवले आहे की असे बोलणाऱ्या बाईचे मृत्युपत्र कोर्टात टिकत नसते. म्हणून आधी हकिगत लिहिते, मग वाटणी.

माझे यजमान भीमराज एस.टी.त कंडक्टर होते. आमचे घराणे बौद्ध. सासऱ्यांनी तरुणपणीच दीक्षा घेतली होती, आणि आमच्या घरात देव्हारा नव्हता, नवस नव्हता, अंगारा नव्हता. त्याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. आम्हाला दोन मुले झाली, रवी आणि त्याच्या पाठची सुजाता. सुजाताला रक्ताचा आजार होता. सहा वर्षांची असताना ती दवाखान्यातच वारली. शेजारच्या खाटेवर आर्णीकडच्या तांड्यावरच्या रुपीबाईचा मुलगा होता. तो सुजाताच्या आदल्या दिवशी गेला. रुपीबाई ख्रिस्ती होती. मुलगा गेल्यावरही ती गावी परतली नाही, माझ्याजवळ थांबली. माझी पोर गेली तेव्हा मी तिला रागाने विचारले की तुझा देव कुठे होता, वर बसून काय पाहत होता? ती म्हणाली,

“तो वर बसून पाह्यत नव्हता, बाई. त्या क्रुसाच्या खांबावर मरून राह्यला होता ना, तो देवच होता.”

तेव्हा मला ते काही समजले नाही. पण दुसऱ्या कोणाचेही बोलणे मला त्या दिवशी आठवत नाही, हेच एक आठवते. देव मेलेल्यांना परत आणतो, असे ती म्हणाली असती तर मी तिच्याशी पुन्हा बोलले नसते. ती म्हणाली की देव स्वतः मेला. वर्षभर मी मशीनवर बसून त्याच एका गोष्टीचा विचार केला. मग आर्णीला तिच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेला, जाऊ लागले आणि पुढे नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला.

यजमानांना मी आधी सांगितले होते. ते रागावले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, “येशूले मी मान देतो. गरिबाच्या बाजूनं बोलला, त्याच्यासाठी मार खाल्ला, मेला. पण तू त्याले देव म्हणशीन तं आपण ज्यातून बाहेर निघालो त्यातच परत चालली. त्याले माणूस राहू दिला तं तुयं काय जाते?”

मी म्हटले, माणूस असेल तर मग सुजाताजवळ एक भला माणूस तेवढा बसला होता. भली माणसे पुष्कळ होती. तुम्हीही होता. मला त्याच्याहून जास्त पाहिजे होते. जो सगळे करू शकतो तोच तिथे काही न करता, आमच्यासारखाच दुखत पडला होता, हे मला पाहिजे होते.

हे त्यांना पटले नाही, मरेपर्यंत पटले नाही. पण रविवारी सुट्टी असली की ते मला आर्णीला घेऊन जात, आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर पारावर पेपर वाचत बसत. विहारात त्यांना याबद्दल बोलणी बसली. ती त्यांनी घरी कधी आणली नाहीत. असा नवरा मिळाला हे मी मृत्युपत्रात लिहिणार नाही तर कुठे लिहिणार?

ते गेल्यावर रवीने मला सांभाळले. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर तूर वाळत घालून उतरताना मी जिन्यावरून पडले. तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही. कूस बदलायची तर दुसऱ्याने बदलावी लागते. माझी खोली मागच्या अंगाला आहे. खिडकी गल्लीत उघडते, तिला गज आहेत. रवीचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान, सून दीपा अंगणवाडीत. दोघे बाहेर पडले की फाटकाला कुलूप लागते.

हे कुलूप कसे लागले ते लिहिणे भाग आहे, नाहीतर वाचणारा रवीला वाईट समजेल.

पडल्यावर दुसऱ्या वर्षी मैदानावर मंडळीची मोठी सभा झाली. प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणारा बाहेरगावचा एक प्रचारक आला होता. मंडळीतल्या लोकांनी आग्रह केला, रवी नको म्हणत होता, मीच हट्ट धरला. मला पाय नको होते, चार माणसांत बसून गाणे म्हणायचे होते. प्रचारकाने मला खुर्चीसकट मंचावर घेतले. डोक्यावर हात ठेवला, माइकवर ओरडला, ऊठ म्हणाला. दोघांनी काखेत हात घालून मला उचलले आणि सोडले. मी पीठ सांडावे तशी खाली बसले. लुगडे गुडघ्यावर सरकले. हजारभर लोक पाहत होते. तेव्हा तो प्रचारक माइकवरच म्हणाला की या बहिणीच्या मनात शंका आहे, ती येशूला पुरता देव मानत नाही.

रवी मागून धावत आला, त्याने माझे पाय झाकले, मला उचलून ऑटोत टाकले आणि घरी आणले. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लावले. मंडळीतले कोणी आले तर त्यांना परत पाठवले. काही आलेच नाहीत, कारण त्यांनाही प्रचारकाचे म्हणणे पटले होते.

म्हणजे घरातले म्हणतात, मी येशूला फार मोठा करते. मंडळीतले म्हणतात, मी त्याला कमी समजते. मी या दोघांच्या मध्ये, खाटेवर. उठून कोणाच्याही दाराशी जाऊन सांगता येत नाही की बाबांनो, माझे एवढे आणि एवढेच म्हणणे आहे.

एक रुपीबाई तेवढी येते. आता तिलाही दिसत कमी. बाजाराच्या दिवशी ती आर्णीहून गाडीने उतरते आणि मागच्या गल्लीत खिडकीखाली दगडावर बसते. आम्ही गजांतून बोलतो. रवीला ते माहीत आहे. त्याने खिडकी बुजवली नाही.

गेल्या वर्षी यजमानांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला सगळे जमले. भोजनदान झाल्यावर हंसराज भाऊजींनी माझ्या खोलीत सगळ्यांसमोर विषय काढला. त्यांना खरी भीती घराची होती. हे घर माझ्या नावावर आहे, आणि वहिनी ते मंडळीला प्रार्थनेसाठी लिहून देईल असे कोणीतरी त्यांच्या कानात भरवले होते. ते म्हणाले, वहिनींनी सगळ्यांसमोर सांगावे की येशू हा थोर माणूस होता, बस, मग कोणाची तक्रार नाही. आणि तेही सांगता येत नसेल तर वहिनींचे डोके ठिकाणावर नाही असे आम्ही धरून चालू.

लोक बाहेर गेल्यावर रवी खाटेशी खाली बसला. एवढा चाळिशीचा माणूस, पण मला तो सुजाताच्या वेळचा पोरगा दिसला.

“मोठा माणूस होता, एवढंच म्हण, आई. बाबाही म्हणतच होते ना? मी उद्यापासून कुलूप काढतो. तुले दर रविवारी मी स्वतः आर्णीले नेतो. फक्त एवढं म्हण. लोकाईनं तुले येडी म्हणावं, हे मले आयकवत नाही.”

मी त्याला उद्या सांगते म्हटले. खरे सांगते, मला ते वाक्य म्हणायचे होते. दुसऱ्या दिवशी घर रिकामे झाल्यावर मी ते मोठ्याने म्हणून पाहिले. येशू मोठा माणूस होता. त्यात खोटे काहीच नाही. तो माणूसही होताच. पण तेवढ्यावर थांबायचे होते, आणि मला थांबता येईना. माझे पाय पलंगावर दुसऱ्याच्या सामानासारखे पडले होते. त्यांवर माशी बसली तरी उडवता येत नव्हती. मला वाटले, क्रुसावर त्यालाही हात हलवता येत नाही, पाय हलवता येत नाही, खाली लोक हसतात, खरा देव असशील तर उतर म्हणतात, आणि तो उतरत नाही. तो जर नुसता मोठा माणूस असेल तर तोही माझ्यासारखाच अडकलेला होता आणि आम्ही दोघेही अडकलेलेच राहिलो. तो देव असेल तर मी जिथे आहे तिथे देव येऊन गेला आहे. या खोलीत मला एवढाच एक दरवाजा आहे. तो मी माझ्या हाताने कसा लावू?

संध्याकाळी रवीने विचारले. मी म्हटले, “बेटा, तेवढ्यावर मले थांबता येत नाही.”

तो उठून गेला. कुलूप तसेच राहिले. पण त्या रात्रीही माझी कूस त्यानेच बदलली.

आता वाटणी.

एक. घाटंजीचे राहते घर, खालच्या जागेसह आणि गच्चीसह, माझा मुलगा रवी आणि सून दीपा यांना निम्मे निम्मे. दीपाचे नाव मुद्दाम घालते. माझी घाण काढताना तिने कधी नाकाला पदर लावला नाही. या घरावर मंडळीचा, विहाराचा किंवा भाऊजींचा हक्क नाही. घरात प्रार्थना व्हावी अशी अट मी घालत नाही. मंडळीतल्या काही जणांना हे वाचून वाईट वाटेल. अट घालून कोणाला देव पटत नसतो.

दोन. बँकेत जे असेल ते माझ्या औषधपाण्यात संपेल. उरलेच तर दीपाने स्वतःसाठी खर्च करावे, घरासाठी नाही.

तीन. शिवणयंत्र रुपीबाईच्या नातीला. पट्टा नवीन आहे. सुई मोडली तर जाड सुई लावू नये, कापड ओढते.

चार. यजमानांची तिकिटांची पेटी आणि चामडी पिशवी हंसराज भाऊजींना. भावाची आठवण म्हणून त्यांनी ती मागितली होती आणि मी रागात नाही म्हटले होते. भाऊजींनी मला वेडी ठरवले ते मी विसरलेली नाही. पिशवी तरीही द्यावी. तिला वर्षातून एकदा तेल लावावे.

पाच. चाकाची खुर्ची सरकारी दवाखान्यात द्यावी. भंगारात घालू नये.

सहा. माझे पुस्तक, म्हणजे बायबल, मी असेपर्यंत माझ्या उशाखालीच असू द्यावे. पुढे रवीला ते ठेवावेसे वाटले तर ठेवावे. जबरदस्ती नाही.

सात. माझ्या देहाबद्दल. पुरावे की जाळावे, यावर माझ्या खाटेशी भांडण होऊ नये. देह मी रवीच्या हाती देते. त्याला बुद्धवंदना घ्यावीशी वाटली तर घ्यावी. त्याच्या बापानेही मला असेच मोकळे सोडले होते. रुपीबाई जिवंत असेल तर तिला पुढच्या दारातून आत घ्यावे आणि तिला गायचे ते गाऊ द्यावे. त्या प्रचारकाला माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये.

आठ. ही माझी एकच अट आहे. मी गेल्यावर कोणीही, नातेवाइकाने वा मंडळीने, असे सांगू नये की शेवटी म्हातारीने येशूला माणूस मानले, किंवा असे की तिचा विश्वास पुरा असता तर तिचे पाय चालले असते. माझे पाय चालले नाहीत. येशू देव आहे. ही दोन्ही वाक्ये मी एकाच शुद्धीत लिहीत आहे.

हे लिहून झाल्यावर मी रवीला सांगितले की मला दोन साक्षीदार आणि त्यांतला एक डॉक्टर पाहिजे. काय लिहिले ते त्याने विचारले नाही. आज सकाळी तो स्वतः जाऊन डॉक्टर मानकर आणि शेजारचे सदाशिवराव यांना घेऊन आला. सदाशिवरावांकडे दत्ताच्या फोटोशेजारी येशूचाही फोटो आहे. ते म्हणाले, मीही मानतोच की. मी म्हटले, तसे नाही हो. ते म्हणाले, मग कसे, ते एकदा निवांत सांगा. तेवढ्यासाठी ते परत येणार आहेत.

डॉक्टरांनी मला वार, महिना, गावे, नावे विचारली. मग रवीकडे वळून विचारले की घरातला माणूस म्हणून तुमचे मत काय, आई समजून उमजून बोलतात का? रवीने खिडकीकडे पाहिले.

“मले ते पटत नाही, डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला. “पण आई जे म्हणते ते समजूनच म्हणते.”

हे त्याचे शब्द साक्षीदारांनी ऐकले आहेत. ते मी इथे लिहून ठेवते, आणि याआधी मी केलेला असा दुसरा कोणताही कागद नाही हेही लिहिते.

ठिकाण : घाटंजी, जिल्हा यवतमाळ
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार : सत्यशीला भीमराज मुनेश्वर (सही)

साक्षीदारांचे निवेदन : वरील सही श्रीमती मुनेश्वर यांनी आम्हा दोघांच्या समक्ष केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. त्यांना स्वतःहून बसता येत नसल्यामुळे सही होईपर्यंत त्यांचा मुलगा रवी याने खाटेवर मागे बसून त्यांना छातीशी धरून ठेवले होते. त्याने कागदाकडे पाहिले नाही. बाईंचा हात मोकळा होता.

१. डॉ. अविनाश मानकर, घाटंजी (सही)
२. सदाशिवराव गुल्हाने, शेजारी (सही)