रविवारचा स्ट्यू कोणाच्या हातचा

३ नोव्हेंबर, सोमवार
ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, मनात येईल ते यात लिही, म्हणजे आमचं डोकं खाणार नाहीस. गोड पोर आहे. चौथीपर्यंतच शिकले मी, पण अक्षर कसं टपोरं!
आज फार खूश आहे. विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, इथे कायमची राहायला आली त्याला महिना झाला आणि मी एकदाही भांडले नाही. तिने तीनदा भांडण काढलं. मी फक्त उत्तरं दिली.
रविवारचा चिकन स्ट्यू अकरा वर्षं माझा. काल मी शेवटी मैदा घालत होते, तर बाई पाठीमागे येऊन म्हणतात कशा, विहीणबाई, कोरडा मैदा नका हो भुरभुरवू, गुठळ्या होतात. आधी बटरमध्ये परता. त्याला रू म्हणतात.
मी म्हटलं, गुठळ्या मुद्दाम ठेवते. मुलाला आवडतात. जेवताना त्याने सगळ्या वेचून ताटलीच्या कडेला ओळीने लावल्या होत्या. शेवटी खायला राखून ठेवत असणार.
संकल्प: हिला हिच्याच रूने हरवायचं.

४ नोव्हेंबर
सगळ्यांसमोर पैज लावली. येत्या रविवारी दोघींनी एकेक पातेलं करायचं. जिच्या पातेल्याचा फडशा पडेल तिचा रविवार, कायमचा. मुलगा म्हणाला, आई, कशाला? सूनबाईने कपाळावर हात मारला, कौतुकाने. विहीणबाई म्हणाली, मला नको गं बाई, माझे गुडघे दुखतात. घाबरली! मग तर मी सोडतेच की काय.
आठवडाभर या घरात जो तो आपल्या वेळेला जेवतो. मला कोणी विचारत नाही. रविवारी तेवढे सगळे एका टेबलाशी बसतात आणि ‘आई, अजून वाढ’ म्हणतात. ते हिच्या घशात नाही घालणार.

५ नोव्हेंबर, दुपारी ३
पहिला रू. नातीने मोबाइलवर बघून सांगितलं: जेवढं बटर तेवढाच मैदा, मंद गॅस, हलवणं थांबवायचं नाही. सोपं आहे. माझ्याइतका संयम कोणाकडे आहे?
दोन मिनिटं हलवलं. तेवढ्यात विहीणबाई बाहेर फोनवर कुजबुजताना ऐकू आली. माझ्याबद्दलच असणार म्हणून दाराआड जाऊन उभी राहिले. डॉक्टरची वेळ घेत होती. ती तरी एवढ्या हळू कशाला घ्यायची? परत आले तर कढईतून धूर. कढई विहीणबाईमुळे जळाली, पण मी तसं फक्त दोनदाच बोलून दाखवलं.

६ नोव्हेंबर
दुसरा रू. विहीणबाई म्हणाली, रस्सा थोडा थोडा ओता, प्रत्येक वेळी घोटून घ्या. हरवायचंय म्हणून खोटं सांगतेय, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? सगळा उकळता रस्सा एकदम ओतला.
नातीने एक गुठळी जमिनीवर टाकून बघितली. म्हणाली, आजी, ही उडी मारते. वाह्यात झाली आहे कार्टी. आजोळच्या वळणावर गेली.

८ नोव्हेंबर, शनिवार
विहीणबाईचा सराव चोरून बघितला. तिचा रू बदामी. बदामी! आजाऱ्याला द्यायचंय का? मी तो चॉकलेटसारखा होईपर्यंत भाजणार. जितका काळा तितका दमदार. हे मी मोठ्यानेच म्हटलं. ती म्हणाली, फार भाजला तर रंग येतो, पण दाटपणा जातो हो.
पोटात दुखतंय तिच्या.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
चाळीस मिनिटं हलवलं. खांदा कामातून गेला. रंग असा की दाराला लावावा. रस्सा मात्र पाणी. मुरला की दाटेल.
साडेअकरा. मुरतोय.
बारा. गुपचूप पाच डाव कोरडा मैदा घातला. कोणी बघितलं नाही. विहीणबाईने बघितलं, पण तोंड फिरवलं. आता सूनबाई वाढणार.

दुपारी २
जिंकले!! माझंच पातेलं टेबलावर आलं, तिचं आतच राहिलं. काय दाट, काय मऊ! मुरल्यावर रंगही उतरून छान बदामी झाला होता. मी स्वतः तीनदा घेतला. मुलाने पावाने ताटली पुसली. मी विहीणबाईला सगळ्यांदेखत ऐकवलं, अशी चव यायला अकरा वर्षं घालवावी लागतात, गुडघे कुरवाळून येत नाही. ती एवढंच म्हणाली, अजून वाढू का? हरलं की माणूस किती नम्र होतं! बाकीचे खाली बघून जेवत होते. लाजले असतील तिच्यासाठी.

संध्याकाळी ६
भांडी आवरायला गेले. ओट्यावर माझं पातेलं. काठोकाठ. काळं. पळी त्यात उभी, आणि ओढली तर पातेलंही वर आलं.
सूनबाई म्हणाली, आई, खरं तर आम्ही सांगणारच होतो, पण तुम्ही तिसऱ्यांदा वाढून घेतलंत, मग कसं सांगायचं?
मी म्हटलं, मला पहिल्या घासालाच कळलं होतं. तिचं मन राखायला खाल्लं.
तीनदा? सूनबाईने विचारलं.
मी वही शोधायला आत आले.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९
विहीणबाई गॅसपाशी स्टूल घेऊन बसली आहे. मला दाराजवळची खुर्ची दिली आहे, मांडीवर दोन किलो गाजरं. स्ट्यूला चारच लागतात. बाकीची कशाला, म्हटलं. सूनबाई म्हणाली, तुम्ही सावकाश सोला, आई, काही घाई नाही.
सोलतेय. सोलण्यात माझा हात धरणारं या घरात कोणी नाही. हे मी बोलूनही दाखवलं.
विहीणबाईने वळून सालांच्या टोपलीत बघितलं. म्हणाली, साल जरा पातळ काढा.
पातळ काढतेय.