चार दिवस आधीची तारीख

३ मार्च, मंगळवार

अवकाशयानं तीन, चेंबर एक! त्या पोलादी खोलीतली हवा काढून प्रत्येक यान दहा दिवस तापवायचं, गोठवायचं, मगच उड्डाणाला पाठवायचं. कोण कधी आत जाणार हे मी ठरवते. थोरलं, मधलं आणि शेंडेफळ, अशी मीच नावं ठेवलीत. तिघांनाही आधी जायचं असतं.

थोरल्याचं काम मला वीसला हवंय. त्याच्या टीमच्या प्रमुखाला सोळा तारीख सांगितली. माणसं उशीर करतातच, तो आधीच धरून चालायचं. ही युक्ती एकदा बाबांना मोठ्या फुशारकीनं सांगितली होती. म्हणाले, "म्हणजे सगळ्यांना थापा मारतेस!"

५ मार्च

बाबांचा फोन. बायपास सोमवारी, नऊ तारखेला. "जमलं तर ये." रविवारची गाडी पकडायची.

६ मार्च

मधल्याची एक केबल सदोष निघाली. सोमवारी त्याच्याऐवजी शेंडेफळ आत. वेळापत्रक पहिल्यापासून! साहेब म्हणाले, "तू नसलीस तर हे तिघं एकमेकांच्या झिंज्या उपटतील." खोटं नाही ते.

८ मार्च, रविवार

गेले नाही. बाबांना विचारलं – ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येईल का? खरंच विचारलं असं!

"नाही गं. तू तुझं आवर."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

सकाळी अकराला चेंबरचं दार बंद. सही केली. दुपारी आत्याला फोन. "बरा आहे तो," एवढंच. जास्त बोलली नाही. रागावली असणार.

१० मार्च

पंप कुरकुरतोय. निघता येत नाही.

११ मार्च

पंप सुधारला. साहेबांना सांगितलं, बाबांचं ऑपरेशन झालंय, उद्या मी नाही. ते म्हणाले, "अगं, आधी सांगायचंस ना!" आधी सांगितलंच नव्हतं मी. कुणालाच. लाज वाटतेय.

१२ मार्च, गुरुवार

दवाखान्यात दुपारी पोचले. बाबा खाटेवर मांडी घालून शब्दकोडं सोडवत होते. छातीवर पट्टी नाही, नळ्या नाहीत, काही नाही! आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. पहिल्यापासून तेरालाच होतं.

"तुझ्यासाठी चार दिवस धरले होते," बाबा म्हणाले. "एक उरला की!"