मुद्दा पहिल्या वाक्यात

ती. आत्यास,

तुला आणि तुझ्या दोन्ही नव्या गुडघ्यांना साष्टांग नमस्कार. रविवारी तू ताईकडून आपल्या घरी परततेयस हे वाचून आनंद झाला (घाई मात्र नको हं, ताईकडे हवा चांगली आहे).

इकडे माझं शिक्षण जोरात चाललंय. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसलो त्याला पाच महिने झाले. महिनाअखेर मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमच्या बाई ठरवणार. कुणी कितीही तापून येवो, बाई आधी सगळं ऐकून घेतात, मग पहिल्या वाक्यात वाईट बातमी, दुसऱ्यात कारण, आणि शेवटी विचारतात, काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा. माणूस नकार ऐकून वर आभार मानून जातो. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं (वही निळी आहे, छान आहे, पण ते जाऊ दे).

परवा त्यांनी मला एका इमारतीच्या सेक्रेटरींना फोन करायला लावला (कुठली इमारत ते विचारू नकोस). निरोप एवढाच की मोटर जळलीय, नवी यायला महिना लागेल. वही समोर उघडी होती, पण घराण्याचं वळण जातंय कुठे? आधी प्रकृती विचारली. ते म्हणाले चक्कर येते, म्हणून मी आजोबांची चक्कर सांगितली. तिथून जिने चढण्याचे फायदे काढले, म्हटलं आता मुद्दा जवळ आलाच. तेवढ्यात ते म्हणाले, किती आपुलकीनं बोलता हो! झालं, माझी जीभच उचलेना. 'काळजी नसावी' म्हणून पंचविसाव्या मिनिटाला फोन ठेवला. त्यांनी खरोखरच काळजी सोडली आणि फळ्यावर लिहिलं, 'उद्यापासून लिफ्ट सुरू'. सकाळी पाचव्या मजल्यावरच्यांचं नवं कपाट आलं. ते अजून खाली जिन्यापाशी आहे आणि त्याचे मालक आमच्या ऑफिसात.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाल्या, "समोरच्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही गोल गोल बोलत नाही. तुम्हाला कुणी वाईट म्हणू नये, म्हणून बोलता." मग विचारलं, काय समजलं? मी म्हटलं, बाई, त्याचं असं आहे, लहानपणी मी... त्यांनी नुसता हात वर केला. आत्या, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. आता शेवटची संधी आहे: एक वाईट बातमी, एका माणसाला, लेखी, मुद्दा पहिल्या वाक्यात. जमलं तर नोकरी.

बाकी क्षेम. ताईला, भावजींना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. ती इमारत तुझीच. रविवारी येऊ नकोस. आलीसच, तर मी आणि आमचा मेकॅनिक तुला खुर्चीत बसवून पाच मजले वर नेऊ.

ता. क. २. वाईट बातमी ती हीच, आणि तो माणूस तूच. बाईंना तुझं उत्तर दाखवायचंय. मुद्दा पहिल्याच वाक्यात कळला, असं लिहिशील ना?

ता. क. ३. (पाकीट बंद करण्याआधी बाईंनी पत्र वाचायला मागितलं. पुढचं अक्षर त्यांचं आहे.)

आत्याबाई, तुमची लिफ्ट महिनाभर बंद आहे. मोटर जळली. भाच्याला फोनच्या कामावरून काढलं आहे, कंपनीतून नाही. खुर्चीचं तेवढं त्यांनी एका वाक्यात लिहिलं.