मिनिटभराची शांतता

२ नोव्हेंबर १९८६
गरौठा गाव सोडून नगरा वस्तीत बिऱ्हाड थाटलं. नात वसुंधरा सोबत आहे. पोरीचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. उभा जन्म मी लग्नातले भोंगे आणि बिघडलेले रेडिओ दुरुस्त केले, आणि साठी उलटल्यावर सिनेमात काम लागलं, तेही आवाज भरण्याचं. बंद पडलेल्या डाळमिलमध्ये रमाकांतजी नव्या पोरांना सिनेमा शिकवतात. माझी अट एकच होती, वसूलाही घ्या. तिला दिग्दर्शक व्हायचंय. हो म्हणाले.

४ नोव्हेंबर
काम समजलं. शूटिंग आटोपलं की सगळ्यांनी जागच्या जागी मिनिटभर गप्प उभं राहायचं, आणि मी खोलीची नुसती शांतता टेपवर भरायची. सारवताना आपण भिंतीच्या भेगा लिंपतो ना, तशी ती पुढे संवादांच्या फटींत लिंपतात. रमाकांतजी सांगतात, या लाइनीत शिरायचं तर आधी गप्प उभं राहायला शिका. पोरं फुकट राबतात आणि वर पायाही पडतात.

६ नोव्हेंबर
बेसनाचे लाडू घेऊन रमाकांतजींकडे गेलो. म्हटलं, आमच्या पोरीला जरा लवकर पुढे घ्या. शॉट कुणाला आधी मिळणार त्या वहीत त्यांनी तिचं नाव तिसरं केलं. घरी सांगितलं तर वसू गळ्यातच पडली.

९ नोव्हेंबर
काल वहीतल्या पहिल्या पोराचा, संभाजीचा शॉट झाला. नंतर शांततेला त्याला एकट्यालाच उभं केलं. मी यंत्राच्या काट्याकडे बघत होतो. मान वर केली तर जागा रिकामी. रमाकांतजी म्हणाले, मागच्या दाराने गाडी गाठायला गेला, मुंबईत काम लागलं. त्याच्या आईने पेढे वाटले.
आजची टेप ऐकली. खोलीत सहा जण उभे होते, श्वास सात आहेत. सातवा बोटं मोडतो. संभाजीला ती खोड होती.

११ नोव्हेंबर
वहीतली दुसरी, जानकी, तीही तशीच गेली, एकटी उभी असताना. पुन्हा पेढे. पत्र कुणाचंच नाही. आज खोलीत पाच जण, टेपवर सातच. जानकीच्या बांगड्या वाजतात.
टेप रमाकांतजींना ऐकवली. ते हसले. म्हणाले, “दादाजी, शांतता कुणाची तरी असावीच लागते.”

१२ नोव्हेंबर
वसूला म्हटलं, परत जाऊ. सगळं सांगितलं. तिला खोटं वाटलं. म्हणाली, “आजोबा, पहली बार कोई मौका दे रहा है. तुम्ही भोंग्यांत जन्म काढलात, मी नाही काढणार.”
लाडू मीच नेले होते.

१३ नोव्हेंबर
वसूचा शॉट झाला. एकटी उभी आहे. हलणार नाही. मी ओरडलो तर मला बाहेर काढतील, यंत्र स्वतः चालवतील. म्हणून माइकला वही टेकवून लिहितोय. निबेची करकर टेपवर जातेय. आवाज आहे तोवर शांतता नाही.

मिनिट केव्हाच संपलं. रमाकांतजी थांबा म्हणत नाहीत. वाट बघतायत.

वसूच्या छातीतली बारीक शिटी, लहानपणापासूनची — अजून समोरूनच येतेय, टेपमधून नाही —

डोळ्यांनी दटावतेय मला. आजोबा, पुरे —

निब कोरडी. जिभेला लावली — अक्षर फिकं —

वसू, खोक गं, पाय आपट, काहीही कर, पण गप्प —