राजाची शाळा

रविवार, १७ जून

प्रिय छोटे,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात आपली शाळा घुमते आहे. मी चौथीत, तू दुसरीत, मध्ये पातळशी भिंत. आम्ही कविता म्हणायला लागलो की पलीकडून तुमचा वर्ग, ऐकून ऐकून पाठ झालेला, एक ओळ मागून सूर लावायचा. गुरुजी भिंतीवर डस्टर आपटायचे. तुमचा आवाज आणखी चढायचा.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. चष्म्याची काडी तुटली, ती तुझ्या वहिनीने दोऱ्याने बांधून दिली. राजा कसा आहे? बेकरीत खोकी दुमडायचं काम चालू आहे ना? नीट जेवतो ना?

हे फोनवरही विचारता आलं असतं. पण हल्ली फोन हातात घ्यायचीच धास्ती वाटते.

घरच्या ग्रुपवर तू फिरकत नाहीस, तेव्हा तुला माहीत नसेल. आपल्या चुलतभावाने, वकिलाने, लिहिलं की शाळेत कविता पाठ करायला लावणं बंद करावं. माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं... छोटे, हात अडतोय. मी लिहिलं, "मतिमंद आहेस तू. काकांनी तुला विशेष शाळेतच घालायला हवं होतं."

वकिलाने एवढंच उत्तर दिलं, "दादा, मला तू काहीही बोल. पण ग्रुपवर राजा आहे."

मी घाईघाईने माझं वाक्य पुसलं. तरी वकिलाच्या उत्तरावरच्या चौकटीत ते तसंच चिकटून राहिलं. तुझा लेक ग्रुपवरचं सगळं वाचतो, शब्दाखाली बोट सरकवत, सावकाश. वाचून झालं की अंगठा टाकतो, माझ्या रटाळ कवितांनासुद्धा. त्या दिवसापासून कुणालाच अंगठा नाही. सकाळी मला फोन करून त्याच्या शाळेची प्रार्थना म्हणून दाखवायचा, तेही बंद.

वहिनी म्हणते, "टक लावून काय बसलाय त्या फोनकडे? माफी मागा."

"काय लिहू?"

"साधं लिहा. कवितेत नको, तेवढी कृपा करा."

लिहितो आणि खोडतो. "तुला उद्देशून नव्हतं" असं लिहिलं, तर माझीच मला लाज वाटली. शिवी द्यायला मला त्याची शाळाच का सुचावी? तिचा बिल्ला तो अजून शर्टाला लावून कामावर जातो. त्याने मला कायमचं तोडलं तर, छोटे? तूच त्याला समजावशील का? की नको, मीच

बेल वाजली म्हणून वाक्य अर्धं टाकून उठलो होतो. वाटलं, वहिनी परत आली. दारात राजा! एकटा, बस बदलून आलेला. हे पत्र पोचण्याआधी फोनवर तुला कळलेलंच असेल.

"ये, ये," म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभा. "मामा, माझ्या शाळेत शिक्षा म्हणून पाठवतात?"

"नाही रे बाळा. मी चुकीचं बोललो."

त्याने थोडा विचार केला. "मग ते तिथे लिही. सगळ्यांनी वाचलंय."

आता आत आलाय, माझ्या खुर्चीमागे उभा आहे. आधी ते लिहून टाकतो.

एक साधं वाक्य लिहायला बसलेला,
तुझा दादा