माझी नळी निळीच राहिली

प्रिय भिंगरी,

आधीच सांगते, हे पत्र क्रमाने वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड इथे चालणार नाही. साहित्य, कृती, निरीक्षण आणि मग अनुमान, हा क्रम मी इतकी वर्षं मुलांच्या वह्यांत तपासत आले आहे की आता साधी किराणा सामानाची यादीसुद्धा मला त्याशिवाय लिहिता येत नाही, असं तुझे बाबा म्हणतात. तू विचारशील, फोन का नाही केलास? फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुला कुणीतरी बोलावतं आणि तू बरं ठेवते म्हणतेस. यात तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी पोटातलं बाळ गेलं तेव्हापासून ज्याने त्याने उठून तुला शहाणपण शिकवलं. म्हणून या खेपेला दिवस राहिल्याचं सांगतानाच तू मला बाजूला घेऊन बजावलंस, की या बाळाविषयी सल्ला नको, प्रश्न नको, काळजीचा चेहराही नको. मी हो म्हटलं. चौथा महिना लागला तरी तोंडाला कुलूप लावून बसले आहे. या पत्राच्या शेवटी मी ते काढणार आहे. उगीच काढणार नाही, आणि का काढते आहे ते कळायला तुला माझा नववीचा विकरांचा प्रयोग ऐकून घ्यावा लागेल.

हो, तोच प्रयोग. आई भर वर्गात थुंकते म्हणून तुझ्या मैत्रिणींनी तुला चिडवलं होतं आणि तू घरी येऊन दप्तर फेकलं होतंस, तो. अजून तसाच करते. लाळेत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते पिठूळ पदार्थ फोडून त्याची साखर करतं. पाव बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळे. कॉर्नफ्लॉवरच्या पातळ पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की गडद निळा रंग येतो. त्यात लाळ घालून कोमट ठेवलं की निळेपणा हळूहळू ओसरतो, कारण पीठच शिल्लक राहत नाही. मग गंमत अशी करायची की एक नळी बर्फात ठेवायची, एका नळीतली लाळ आधी उकळून घ्यायची, एकीत व्हिनेगर घालायचं, एकीत खाण्याचा सोडा घालायचा, आणि कोणत्या नळीतलं विकर काम करतं, कोणत्या नळीतलं रुसून बसतं ते बघायचं. मुलांनी स्वतःच गटांना नावं पाडली आहेत. बर्फवाले, उकळवाले, व्हिनेगरवाले, सोडावाले. उरलेल्यांच्या नळीत लाळेखेरीज वेगळं काहीच घालायचं नसतं, ती नुसती अंगाच्या उबेइतक्या पाण्यात उभी करायची. त्यांना बिचारे म्हणतात. बिचाऱ्यांच्या गटात कुणाला जायचं नसतं, पण त्यांची नळी नसेल तर बाकीच्या नळ्यांना काही अर्थ उरत नाही, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणी ऐकत नाही.

मुलांची लाळ एकमेकांच्या भांड्यात जाऊ नये म्हणून मुख्याध्यापकांनी मागे नियम काढला, तेव्हापासून सगळ्या वर्गाला लाळ पुरवायचं काम माझ्याकडे आहे. कोमट पाण्याची चूळ घोळवायची आणि चंचुपात्रात सोडायची. मुलं तोंडं वाकडी करतात, मी त्यांना दाद देत नाही. तर यंदा अशीच चूळ सोडली, नळ्या भरल्या, आयोडीन टाकलं आणि सगळा वर्ग वाट बघत बसला. उकळवाल्यांची नळी निळीच राहिली, ते बरोबर होतं. व्हिनेगरवाल्यांची निळी राहिली, तेही बरोबर. बर्फवाल्यांची निळी होती, म्हटलं गारठ्यात काम मंद होतं, ठीक आहे. सोडावाल्यांची जराही फिकी पडेना तेव्हा मी थोडी चुळबुळले. आणि मग बिचाऱ्यांनी त्यांची नळी वर धरली. दौतीत बुडवल्यासारखी निळी.

तुला माहीत आहे, प्रयोग फसला की मला राग येत नाही, हुरूप येतो. मी बाह्या सरसावल्या. आयोडीन जुनं असेल म्हणून नवी बाटली फोडली. पीठ दाट झालं असेल म्हणून पाणी वाढवलं. थर्मामीटर खोटं बोलत असेल म्हणून दुसरं आणलं, पाणी हवं तितकंच कोमट होतं. ड्रॉपरला व्हिनेगर लागलं असेल म्हणून सगळे ड्रॉपर धुतले. प्रत्येक वेळी नव्याने चूळ सोडत होते आणि प्रत्येक वेळी बिचाऱ्यांची नळी निळी ती निळीच. तास संपत आला. मागच्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे वकिलीणबाई म्हणतात, कारण ती हरकत घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. ती उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली की बाई, आपण सगळं बदलून बघितलं, फक्त तुम्हाला नाही बदललं. वर्ग खदखदून हसला. मीही हसले. मग नियम गुंडाळून ठेवला आणि तिला तिच्या स्वतःच्या लाळेची नळी करायला सांगितली, तिची तिनेच हाताळायची या अटीवर. आमच्या डोळ्यांदेखत तिची नळी निवळली. तिने ती खिडकीकडे धरली आणि जिंकलेल्या खटल्यासारखी सगळ्यांना फिरवून दाखवली.

पुढचाही तास मी मागून घेतला आणि प्रयोग झकास झाला, ज्याने त्याने आपापली लाळ वापरली. बर्फातली नळी उबेत आणली तर आळस झटकून कामाला लागली, उकळलेली मात्र कितीही थंड केली तरी ढिम्म हलली नाही. व्हिनेगरवाली नळी शेवटपर्यंत निळी, सोडावाली रेंगाळत रेंगाळत फिकी झाली. मुलांनी आकृत्या काढल्या. मी फळ्यावर अनुमान लिहिलं, की विकराला ठरावीक उबदारपणा आणि ठरावीक आंबटपणा मानवतो, त्याच्या बाहेर ते काम करत नाही. हे लिहिताना माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि मी वाक्य वाचून दाखवायला एका मुलाला उभं केलं.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा आवरायच्या निमित्ताने मी मागे थांबले. पुन्हा एकदा, या वेळी चूळ न भरता, नुसती लाळ गोळा करायला बसले. पावाचा तुकडा डोळ्यांसमोर ठेवला, व्हिनेगर हुंगलं, जीभ दातांवर फिरवली. चंचुपात्राच्या तळाला थेंबभर जमा होईना. तेव्हा मी स्टुलावर बसले आणि गेली दोन-एक वर्षं ज्याला त्याला जी कारणं देत आले ती एकेक करून आठवली. घसा कोरडा पडतो, कारण दिवसभर बोलावं लागतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, कारण खडूची धूळ. दातांना कीड लागते आणि दातांचा डॉक्टर रागावतो, कारण वय. बोटं सकाळी आखडलेली असतात, कारण तेही वयच. बिस्किट पाण्याशिवाय उतरत नाही, याला तर मी कारणही शोधलं नव्हतं, सरळ पाण्याची बाटली जवळ ठेवायला लागले होते. मुलांना मी सांगते की एकाच वेळी पाच गोष्टी बिघडल्या तर पाच कारणं शोधू नका, आधी एक शोधा. स्वतःला कधी सांगितलं नाही.

घाबरू नकोस, मला जे झालं आहे त्याने माणूस लगेच कुठे जात नाही. आपल्या गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी पापणीखाली कागदाची पट्टी अडकवली, डोळ्यांतल्या पाण्याने ती किती भिजते ते बघायला. माझी कोरडी ठणठणीत. रक्त काढलं, ओठाच्या आतून एक बारीक तुकडा काढला. तुझे बाबा बाहेर वर्तमानपत्र धरून बसले होते, मी बाहेर येऊन पाहिलं तर त्यांनी ते उलटं धरलं होतं. आजाराचं नाव शोग्रेन. शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उठते, असं बाईंनी सांगितलं. डोळ्यांत थेंब घालायचे, सारखं पाणी प्यायचं, दात जपायचे, गोळ्या घ्यायच्या, दर काही महिन्यांनी तपासून घ्यायचं. शाळेत जायला हरकत नाही. मी लगेच विचारलं होतं. तपासण्या सुरू झाल्या तेव्हाच तुला कळवायला हवं होतं असं बाबांचं म्हणणं, पण तुझ्या या दिवसांत माझं दुखणं तुझ्या डोक्यावर कशाला, म्हणून मीच अडवलं. गोळ्यांची चिठ्ठी घेतली, बाईंचे आभार मानले, पर्स उचलली आणि उठले.

दाराशी पोचले तेव्हा बाईंनी मुलंबाळं किती म्हणून विचारलं, बोलायचं म्हणून विचारावं तसं. मी म्हटलं एकच मुलगी, तिला आता दिवस गेलेत, आणि अभिमानाने हेही जोडलं की दिवसभर संगणकावर इमारतींचे नकाशे काढते, डोळे सुकले तर थेंब घालते पण काम सोडत नाही. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला परत बसवलं. तिचंही तोंड कोरडं पडतं का, असं विचारलं. आणि भिंगरी, मला तू गेल्या खेपेला घरी आलीस तेव्हाची सकाळ आठवली. तू टोस्ट चहात बुडवूनही अर्धा टाकलास, घशात अडकतो म्हणालीस. तुझ्याही हातात बाटली होती आणि माझ्याही, आणि जावईबापू हसून म्हणाले होते की मायलेकींनी विहीर सोबत घेऊनच फिरायला हवं. आपण तिघंही हसलो होतो. गेल्या वर्षीचं बाळ कितव्या महिन्यात गेलं तेही बाईंनी विचारलं. मी सांगितलं, आणि बाईंनी पेन पुन्हा उचलून ते लिहून घेतलं.

आता अनुमान, आणि मग तुला काय म्हणायचं ते म्हण. हा आजार आईकडून मुलीकडे येतोच असं नाही, पण एका घरात दोघींना असू शकतो. ज्या बाईच्या रक्तात त्याची ठरावीक प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडीज, असतात, तिला स्वतःला काही त्रास नसला तरी ती प्रतिद्रव्यं पोटातल्या बाळापर्यंत पोचतात, आणि थोड्या बाळांच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या महिन्यापासून त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. थोड्याच बाळांच्या, हे वाक्य बाईंनी दोनदा म्हटलं, म्हणून मीही दोनदा लिहिते, थोड्याच. पण आधी कळलं तर बाळाचं हृदय पुन्हा पुन्हा सोनोग्राफीवर बघत राहता येतं आणि औषध देता येतं, आणि नाही कळलं तर काहीच करता येत नाही. गेल्या वेळी असंच झालं होतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही, त्याचा विचार तू करू नकोस, तुझ्या वाटचा मी करून टाकला आहे. मी भयंकर घाबरले आहे. हे मी तुला फोनवर नीट सांगू शकले नसते, आणि तू ऐकून घेतलं नसतंस, म्हणून बाबांना पहाटेच्या गाडीत बसवलं आणि पत्र त्यांच्या खिशात दिलं. तू वाचून होईपर्यंत त्यांनी तोंड उघडायचं नाही असं सांगितलं आहे, तेव्हा ते तुझ्यासमोर गप्प बसून छताकडे बघत असतील. माझ्या डॉक्टरबाईंनी तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आहे, आज दुपारी रक्त द्यायला तुझी वेळ घेतली आहे. जावईबापूंना बाबांनी खालूनच फोन केला असेल, ते परस्पर तिथे येतील. मला न विचारता हे सगळं ठरवलंच कसं म्हणून तू चिडशील, अगदी बरोबर आहे तुझं. परत आल्यावर मनसोक्त चीड, मी ऐकून घेईन. आत्ता ऊठ आणि चप्पल घाल.

तुझीच,
आई