प्राजूचा उजवा पाय

३ डिसेंबर, बुधवार
गॅदरिंगच्या लेझीममध्ये प्राजूचं नाव मीच घातलं. सक्ती नव्हती. सातवीतली पोर, तिनं मागितलंही नव्हतं. लहानपणी मैंदर्गीच्या शाळेत मला लेझमीत कधी कुणी घेतलं नाही, त्याची भरपाई लेकीकडून करून घेतेय बहुतेक. ऑफिसहून आले की गच्चीवर सराव. मी मोबाइलवर बघून शिकते, मग तिच्यासमोर उभी राहून करून दाखवते.

९ डिसें., मंगळ.
सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली पोरीनं. बाकीच्यांचा उजवा पाय पुढं, हिचा डावा. मी तिच्याकडं तोंड करून शिकवत होते, ती आरशात बघावं तशी शिकली. एवढं साधं कळू नये मला! सर म्हणाले म्हणे, "घरी कोण शिकवतंय? त्यांनाच उभं करू रांगेत." मुली हसल्या. सांगताना रडली नाही. रडली असती तर बरं.

१२ डिसें., शुक्र.
अर्धी रजा टाकून शाळेत गेले, चूक माझी हे सांगायला. सर म्हणाले, "कळलं हो ताई. पण आत्ता तुम्ही फाटकाशी दिसेपर्यंत ती बरोबर करत होती. तुम्हाला बघितलं अन् चुकली."
रिक्षात डोळे भरून आले.

१३ डिसें., शनि.
सराव बंद. म्हटलं, "तुझं तू बघ. नको असेल तर नाव काढ."
"काढत नाही. पण गॅदरिंगला तू येऊ नको की गं."
"बरं" म्हटलं. आमचे हे मंद्रूप गावचे, कशाचंच टेन्शन नाही. "लेझीम हाय, बोर्डाची परीक्षा न्हाय. सोड की आता." सोडलं. म्हणजे भाकरी थापतानासुद्धा एक-दोन-तीन-चार चालूच.

२० डिसें., शनि.
गॅदरिंग. बालवाडीपासून एकदाही चुकवलं नव्हतं. आज हे एकटे गेले. मी कपाट आवरलं, विसकटलं, परत आवरलं.
सातला आले दोघं. प्राजूचा चेहरा नुसता फुललेला. "आई, बघ!" मोबाइल हातात दिला. छान करत होती, खरंच छान. एकदाच, वळताना, पाय मागं राहिला. पण ती मोबाइलकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.
"कुठं चुकले?"
"कुठंच नाही गं."
"दिसलं की तुला."
मोबाइल घेऊन आत गेली. सगळ्या जगाच्या टाळ्या घेऊन आली होती पोर, आणि मी पाय बघत बसले. काय म्हणावं मला.

२२ डिसें., सोम.
डबा ठेवताना दप्तरात खो-खोचा फॉर्म दिसला. नाव तिनंच भरलंय. पालकांच्या सहीच्या जागी ह्यांची सही. मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. होती तशी घडी घालून ठेवला.
संध्याकाळी आली, हातपाय धुतले, शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. भूक चांगली लागली होती.
"काय झालं गं आज शाळेत?"
"काही नाही."